आधी अक्षर, मग वेलांटी

गिरगाव, मुंबई

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. दैनिकाने मुद्रितशोधनाचा विभाग गुंडाळल्याचे कानावर आले होतेच. पण ई-पुस्तकांचा मजकूर तपासण्याचे काम आपणहून चालून आले असताना ‘साठीला टेकल्यावर संगणकाची धुळाक्षरे कोण गिरवणार’ असे म्हणून तू ते परतवायला निघाला आहेस, हे वाचून राहवले नाही.

‘बदला, नाहीतर संपा’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांची मला चीड आहे, हे तुला ठाऊक आहेच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात मागावर होते. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कित्येकांसाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. पुढे वडील लालबागला भाजीची पाटी घेऊन बसले. त्याला कोणी ‘परिस्थितीशी जुळवून घेणे’ म्हटले, तर मी ते ऐकून घेणार नाही. ती निव्वळ नाइलाजाची तडजोड होती. तुझी गोष्ट तशी नाही. तुझ्यापुढे निवड आहे, आणि हाताशी चाळीस वर्षांची विद्या आहे.

त्या संपामुळेच मी अठराव्या वर्षी गिरगावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायला लागलो. मराठीची केस म्हणजे काना, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून कित्येक शेकडा कप्पे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, अंगठ्याने ओळ दाबून धरायची आणि उजव्या हाताने खिळा उचलायचा. त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली, की तो सुलटा आहे की उलटा हे न पाहता कळे. मी वर्षभराने कुठे बरा जुळारी झालो, आणि आता जन्माची ददात मिटली असे वाटले. १९९३ मध्ये मालकांनी संगणक आणला आणि आम्हाला पंधरा दिवसांची मुदत दिली. शिकवायला कोणी नाही, चुकले की बोलणी मात्र भरपूर. आमच्यातला सर्वांत निष्णात जुळारी दहाव्या दिवशी निघून गेला. तो हेकट होता असे सगळे म्हणत. मला मात्र आजही वाटते, की त्याच्या शेजारी बसून चार दिवस शांतपणे शिकवणारे कोणी असते तर तो माझ्या पुढे गेला असता.

मी टिकलो त्याचे कारण साधे होते. तो कळफलक टंकलेखन यंत्राच्या धर्तीचा होता, म्हणजे स्टिकमधल्यासारखीच आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग अक्षर. खरी फजिती पुढे युनिकोड ही संगणकाची नवी अक्षरव्यवस्था आल्यावर झाली. इनस्क्रिप्ट या तिच्या कळफलकावर ‘किती’ लिहायला घेतले, की पडद्यावर ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लोंबणारी वेलांटी उमटे आणि ‘क’ बिचारा मागून येऊन एकटा उभा राही. तिथे उच्चाराचा क्रम चालतो: आधी क, मग त्याची इ. बोटांची इतक्या वर्षांची सवय मोडायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या दिवसांत मी घरच्यांशी किती तुसडेपणाने वागलो ते वहिनीला विचार. तिच्याकडे आमच्या हिची तक्रार तेव्हाच पोहोचली होती.

मात्र त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली. ऱ्हस्व-दीर्घ पाहणारी नजर, दोन शब्दांतले अंतर डोळ्यांना खुपणे, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा याची जाण, यांतले काहीच मला नव्याने शिकावे लागले नाही. बदलले ते फक्त बोटांचे काम. जावजी दादाजींचे उदाहरण आपण तरुणपणी एकमेकांना सांगत असू. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासणारा तो गरीब घरचा मुलगा. त्याने १८६४ मध्ये स्वतःचा टाइप-कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तेव्हा आपल्याला त्यातली जिद्द दिसे. आता मला दिसते ते असे, की त्यांनी अक्षराची साथ कधी सोडली नाही. अक्षराभोवतीचे प्रत्येक काम मात्र एकेक करून आपलेसे केले.

पैसा तुला पूर्वीपेक्षा कमी मिळेल, हे मी लपवत नाही. पहिले महिनाभर तुझ्या नातवाच्या वयाची पोरे तुझ्या चुका काढतील, आणि तुला ते फार लागेल. पण ‘आणि’मधली वेलांटी ऱ्हस्व का, हे त्यांच्यापैकी एखाद्याने विचारले, की तू अर्धा तास बोलत बसशील, हेही मला माहीत आहे.

त्या लोकांना नकार अजून कळवला नसशील, तर कळवू नकोस. शनिवारी दुपारी मी तुझ्याकडे येतो. जुना कळफलक घेऊन येतो. त्याच्या कळांवर मी कागदाच्या चिकटपट्ट्या लावून हाताने अक्षरे लिहिली आहेत, त्या अजून निघालेल्या नाहीत. ‘किती’पासून सुरुवात करू. वहिनीला कांदेपोहे करायला सांग, आणि मी ओरडलो तर आतून बाहेर येऊ नये असेही सांग.

तुझा,
दिनू