क्लिफर्ड ब्राउन हाती देणाऱ्या सरांना

प्रिय सर,

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय.

पुढचा दात तुटून नवा बसवला, त्यानंतर माझं ट्रम्पेट जवळजवळ बंदच पडलं होतं. माउथपीस ओठांवर पूर्वीसारखा टेकेना, साधा मधला सूरही थरथरायचा. बँडमधले सगळे धीर देत होते. तुम्ही अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनची ‘क्लिफर्ड ब्राउन विथ स्ट्रिंग्ज’ ही तबकडी हातात ठेवलीत आणि म्हणालात, “आता काही दिवस एवढंच ऐक.”

मला माहीत असलेला ब्राउन म्हणजे ड्रमवादक मॅक्स रोचबरोबर सुसाट वाजवणारा. ही तबकडी जानेवारी १९५५ची. १२ गाणी, सगळी संथ, प्रत्येक साधारण तीन मिनिटांचं. मागे संगीत-संयोजक नील हेफ्तीनं बांधलेली तंतुवाद्यं, आणि पुढे ब्राउन बहुतेक नुसती चाल वाजवतो. काही जाणकारांना हे फार गोड वाटतं. एकदोन ठिकाणी व्हायोलिनं जास्तच दाटतात, हे मलाही पटतं. पण ट्रम्पेट वाजवणाऱ्यासाठी याहून कडक तालीम नाही. जलद वाजवताना कच्चा सूर पुढच्या सुरांत झाकला जातो. या तबकडीवरच्या ‘लॉरा’त झाकायला काही नसतं. आपल्या वाद्याला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, तीनच. बोटं तीच ठेवून कितीतरी सूर निघतात, त्यातला नेमका कोणता लागणार ते ओठ आणि श्वास ठरवतात. माझं तेच तर बिघडलं होतं, आणि तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलंत.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही मला आधी शब्द पाठ करायला लावलेत. ‘स्मोक गेट्स इन युअर आइज’ माझ्याकडून म्हणून घेतलंत, ओळ जिथं संपते तिथंच श्वास घ्यायला लावलात, आणि मगच वाद्य उचलू दिलंत. बंदिशीचे बोल तोंडात बसल्याशिवाय विलंबित मांडता येत नाही, तसंच हे. ब्राउन चालीत फारसा बदल करत नाही, तरी प्रत्येक ओळ त्याची होते ती का, हे मला तेव्हा ऐकू यायला लागलं.

माझा सूर परत स्थिर झाल्यावर तुम्ही ब्राउनची हकिकत सांगितलीत. १९५०मध्ये मोटार अपघातात तो जबर जखमी झाला, कितीतरी महिने रुग्णालयात होता. नामवंत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी त्याला तिथं भेटायला गेला, पुन्हा वाजवायला लाग म्हणाला. त्यानंतर ही तबकडी. आणि २६ जून १९५६ला दुसऱ्या अपघातात तो गेलाच, वय अवघं २५. या तबकडीवर पियानो वाजवणारा रिची पॉवेलही त्याच गाडीत होता. हे सगळं तुम्ही आधी सांगितलं नाहीत, याबद्दलही आभार. आधी कळलं असतं तर मी त्यात नुसता दिलासा शोधला असता, सूर ऐकलेच नसते.

आता बँडमध्ये पुन्हा वाजवतोय. संथ गाणं आलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला ते आवडतं.

एक विचारायचं राहिलंय. ‘स्टारडस्ट’च्या पहिल्या ओळींत तो नेमका कुठं श्वास घेतो, ते मला अजून सापडलेलं नाही. रविवारी ट्रम्पेट घेऊन येतो, तेव्हा वाजवून दाखवा.

तुमचा विद्यार्थी