ट्यूब चुकली की रिपोर्ट गेला

संपादक साहेब, नमस्कार,

ब्लड कॅन्सरच्या नव्या औषधांची बातमी तुमच्या पेपरात वाचली, छान होती, पण औषध कुणाला लागू पडणार हे ज्या जीन टेस्टवर ठरतं तिचं त्यात नावच नाही म्हणून लिहितोय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर, म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न "वाचेल ना?" आणि त्याचं पूर्ण उत्तर मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, ते जीन्समध्ये असतं. त्याचे एएमएल आणि एएलएल असे दोन मुख्य प्रकार. एएमएलमध्ये एनपीएम१ हे जीन बदललेलं निघालं आणि सोबत एफएलटी३-आयटीडी हा दुसऱ्या जीनमधला बदल नसला तर बहुतेकदा केमोवर बऱ्यापैकी आशा धरता येते, टीपी५३ जीन बिघडलेलं निघालं तर डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन बोलतात. एएलएलमधला फिलाडेल्फिया क्रोमोसोम (दोन क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन बनलेला) एकेकाळी अगदी वाईट समजायचे, आता इमॅटिनिबसारख्या गोळ्यांमुळे तसं राहिलेलं नाही. मार्कर, म्हणजे अशी जीनमधली खूण, निघाला की औषधही ठरतं ते असं.

आता खरी रड. बोनमॅरो (हाडातला मगज) काढताना पहिल्या ओढीचा माल जीन टेस्टला हवा, तो जातो भलतीकडेच. पीसीआरसाठी, म्हणजे जीनमधला बदल शोधायच्या टेस्टसाठी, जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब लागते, कॅरिओटाइपला, म्हणजे क्रोमोसोम तपासायला, जिवंत पेशी हव्यात म्हणून हिरव्या टोपणाची हेपॅरिनवाली (हेपॅरिन रक्त गोठू देत नाही), आणि आमच्याकडे तालुक्यावरून सगळं एकाच हिरव्या ट्यूबमध्ये येतं, हेपॅरिन पीसीआर अडवतं हे कुणी सांगितलेलंच नसतं! कधी गुठळी झालेली असते, कधी शनिवारी कुरिअरला टाकलेलं सोमवारी मिळतं. त्यात निदानाआधीच स्टेरॉइड दिलेलं असलं तर एएलएलच्या ब्लास्ट (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) कमी होतात आणि मग शोधायचं काय? परत सुई टोचायची, आणि ती टोचून घेणारा बऱ्याचदा पाच-सहा वर्षांचा पोरगा असतो.

एपीएल या एएमएलच्याच एका प्रकाराची गोष्ट वेगळी, तिथे नुसता संशय आला तरी पीएमएल-रारा या त्याच्या जीन टेस्टच्या रिपोर्टची वाट न बघता एटीआरए हे औषध सुरू करायचं, कारण रक्तस्रावाने पेशंट पहिल्या काही दिवसांतच जाऊ शकतो, आणि तो टप्पा निभावला तर एएमएलमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त बरा होणारा आहे. म्हणून हे औषध जिल्हा रुग्णालयात कायम हवंच.

बाकी मागणं मोठं नाही. दोन रंगांच्या ट्यूब, सॅम्पल त्याच दिवशी मोठ्या सेंटरला पोचवायची सोय, आणि सरकारी योजनेतून या टेस्टचा खर्च केमो सुरू व्हायच्या आधी मंजूर. पुढच्या बातमीत आरोग्य खात्याला एवढं तरी विचारा.

एक लॅब टेक्निशियन, सोलापूर