पर्याय कुठे आहेत?

पुणे, २२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पार्सलाची पोच इतक्या उशिरा देतो आहे, तेव्हा आधी चार शिव्या देऊन मोकळा हो. उशीर आळसामुळे झालेला नाही. त्या पार्सलातल्या एका पाकिटाने माझी दोन वर्षांची मेहनत दोन मिनिटांत निकालात काढली, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगावे तर तो नुसता हसेल. तूही हसशील, पण तुला तो अधिकार आहे. बाकी आईचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि माझी साखर डॉक्टरांच्या मते काबूत आहे.

केदार आणि मी रात्री जागून जो जपानी शिकवणारा गेम करत होतो, त्याचा पहिला भाग गणपतीत पुरा झाला. २०१६ साली आलेला 'लर्न जॅपनीज टू सर्व्हाइव्ह! हिरागाना बॅटल' मी तुला बळेच खेळायला लावला होता, तो आठवत असेल. अक्षरेच शत्रू होऊन अंगावर येतात आणि उच्चार ओळखून त्यांच्यावर वार करायचा, ही त्यातली युक्ती मला तेव्हापासून चिकटली आहे. हिरागाना ही जपानीची एक लिपी; पुढच्या दोन वर्षांत त्याच मालिकेत काताकाना आणि कांजी या बाकीच्या लिप्यांचे गेमही आले. माझी तक्रार एकच होती, की मराठी मुलाने रोमन लिपीचा वळसा का घ्यावा? 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूल'मधला च आणि 'चि' म्हणजे 'चिमणी'तला च, एवढे सांगितले की काम झाले. 'स'च्या ओळीत मध्येच 'शि' का येते, असे कोणी विचारले तर तीस आणि तिशी हे दोन शब्द पुढे ठेवावेत. रानडे इन्स्टिट्यूटच्या जपानीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर क, स, त, न, ह, म, य, र, व असा क्रम लिहिला, तेव्हा तू मला कोपर मारून "अरे, ही तर आपलीच वर्णमाला" असे म्हणाला होतास. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानला गेला आणि अक्षरांचा क्रम त्यातून घडला. 'ह'च्या जागी पूर्वी 'प' होता, म्हणूनच 'हे'च्या डोक्यावर दोन रेघा दिल्या की 'बे' होतो आणि लहान गोल दिला की 'पे'. हे सारे आम्ही गेममध्ये घातले. नंतर केदारचे म्हणणे पडले की पहिल्या गावात एवढे व्याकरण आले तर दुसऱ्या गावापर्यंत कोणी पोचणार नाही, म्हणून त्यातले निम्मे काढले.

आता पाकिटाकडे येतो. माझी भाची सई आमची पहिली परीक्षक होती. तिने सहा दिवसांत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस अक्षरे लोळवली. नोंदवहीप्रमाणे तिची ९३ टक्के उत्तरे बरोबर होती, एकट्या 'से'ला तिने अकरा वेळा हरवले होते, आणि मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतो. भाऊबिजेला ती आली, तेव्हा टेबलावर तू पाठवलेले सेंबेइचे, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचे, पाकीट पडले होते. त्यावर ठसठशीत चार अक्षरे होती: से, अनुस्वाराचे ते अक्षर, बे आणि इ. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मामा, यावर काय लिहिलंय?" मी म्हटले, तूच वाच. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "पण पर्याय कुठे आहेत?"

सुहास, हे वाक्य मी कोणाला सांगणार? जपानीच्या परीक्षेच्या तिसऱ्या पातळीच्या निकालानंतर टपरीवर मी तुला म्हटले होते, की तू जपानी शिकला नाहीस, उत्तरपत्रिका शिकलास. त्या परीक्षेत बोलणे नाही, लिहिणे नाही, सगळे चारातून एक निवडणे. तू पंधरा दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. नंतर जपानमधल्या नागोयाहून तुझे पहिले पत्र आले, की स्टेशनवर एका आजींनी काहीतरी विचारले आणि तू मनातल्या मनात चार पर्याय शोधत उभा राहिलास. 'उत्तरपत्रिका शिकलास' हे वाक्य मी वीस वर्षे प्रत्येक भांडणात तुझ्या डोक्यात मारत आलो. (त्या वर्षी मी स्वतः नापास झालो होतो, हे तू मध्ये आणणार, तर आण.) आणि आता तीच उत्तरपत्रिका मी स्वतःच्या हाताने, वर राक्षसांची चित्रे काढून, तयार केली आहे.

सई लबाडी करत नव्हती. तिला तीन चुकीचे पर्याय ओळखता येत होते, एवढेच. शेपटीला गाठ असलेले ते 'ने' आणि आत वळलेले ते 'वा' हे तिला समोर दोन्ही उच्चार असले तरच आठवते. पर्याय काढून टाकावेत आणि अक्षर बोटाने गिरवायला लावावे, असे मी केदारला सांगितले. तो म्हणतो की मग तो गेम राहत नाही, शुद्धलेखनाची वही होते. त्याचे चूक आहे असे म्हणवत नाही, कारण पर्यायांशिवायची आवृत्ती सईने चौथ्या लढाईतच बंद केली. सध्या माझ्या मनात असे आहे की लढाईत पर्याय राहू द्यावेत, पण गावातल्या पाट्यांवरचे उच्चार आणि रस्ता दाखवणारे बाण काढून टाकावेत. सरायची पाटी वाचता आली तर झोपायला मिळेल, नाही तर रात्र बाहेर. ती झोपेसाठी वाचेल की पाच घरांची दारे ठोठावून पाहील, याच विचाराने माझी झोप मात्र गेली आहे.

वहिनींची नवी नोकरी कशी आहे? ईशा एप्रिलमध्ये माध्यमिक शाळेत जाणार ना? सविस्तर कळव.

एक काम कर. तुझ्या गल्लीतल्या हाताने लिहिलेल्या पाट्यांचे फोटो पाठव, भाजीवाल्याच्या, न्हाव्याच्या, कोणाच्याही. छापील 'सा' आणि हाताने लिहिलेला 'सा' यांत फरक असतो आणि सईने फक्त छापील पाहिला आहे. सेंबेइ संपले, पण रिकामे पाकीट मी टाकू दिलेले नाही. नव्या आवृत्तीची परीक्षा अशाच एखाद्या पाकिटावर घेणार आहे, तेव्हा पुढच्या पार्सलात निराळ्या प्रकारचे पाठव, हे तिला पाठ झाले आहे.

तुझा,
मिलिंद