ढोलकी वाचवणाऱ्या दादांना थँक्यू
रविवारी पुण्यात आमच्या बँडचं पहिलंच स्टुडिओ रेकॉर्डिंग होतं, 4 तासांची शिफ्ट, पैसे सगळ्यांनी काढून भरलेले, आणि येताना पावसात ढोलकी भिजली. कव्हर होतं हो, पण चेन तुटकी. पुडी, म्हणजे ढोलकीच्या तोंडावरचं कातडं, अशी उतरली की सुरात चढेचना, थाप मारली की पुठ्ठ्यावर मारल्यासारखं नुसतं भद्द. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर, पहिला टेक झाला, तो ऐकून आमचा गायक हेडफोन काढून गप्पच बसला.

तिथे माइक लावणारे एक असिस्टंट दादा होते, गडबडीत नावही विचारायचं राहिलं. ‘तोवर गिटार, बास उरकून घ्या’ म्हणाले (आम्हाला सुचलंच नव्हतं!) आणि ढोलकी घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेले. कुठून तरी हेअर ड्रायर आणला, हातभर लांब धरून, पुडीवरच्या काळ्या शाईच्या थरावर झोत न मारता कडेकडेनं वीसेक मिनिटं शेकत बसले, मधेच पुडी स्वतःच्या गालाला लावून बघायचे, फार तापली नाही ना.

ढोलकी दुसऱ्याच टेकला ओके झाली. दादा, खरंच मनापासून थँक्यू. चहापाण्याचे पैसे देत होतो तर म्हणाले, आधी त्या कव्हरला चेन बसवा.