९ नोव्हेंबर म्हणजे नुसती भिंत नव्हे

संपादक महोदय,
स. न.

कालच्या ‘दिनविशेष’मध्ये पुन्हा तेच : ‘१९८९ - बर्लिनची भिंत पाडून जर्मनीचे एकीकरण’. गेल्या वर्षीही हेच छापलं होतंत, मी पोस्टकार्डही टाकलं होतं. ते केराच्या टोपलीत गेलं असेल, हरकत नाही. पण निदान यंदा वेगळी चूक करायची! त्या रात्री भिंत पडली नाही, फाटकं उघडली. तीही शाबोव्स्की हे पूर्व जर्मनीतले कम्युनिस्ट पक्षनेते पत्रकारांपुढे कागद चाळता चाळता ‘माझ्या माहितीप्रमाणे लगेच’ असं बोलून बसले म्हणून. एकीकरण झालं ३ ऑक्टोबर १९९० ला.

आणि १९३८? त्याचा उल्लेखच नाही.

२०१४ साली मी लेकीकडे बर्लिनला होतो. भिंत उघडल्याला २५ वर्षं झाली म्हणून संध्याकाळी दिव्यांचे हजारो फुगे सोडणार होते, त्याचीच सगळीकडे चर्चा. सकाळी दूध आणायला उतरलो तर शेजारच्या इमारतीतल्या आजी फुटपाथवर गुडघे टेकून बसलेल्या. काही पडलं असेल म्हणून मीही वाकलो. त्या फरशीत बसवलेला तळहाताएवढा पितळी चौकोन घासत होत्या, आपल्याकडे समया घासाव्यात तशा. ‘इथे राहत होती’, खाली नाव, शेवटी आउश्वित्झ, नाझींची मृत्युछावणी. जन्मसाल १९३४. माझ्या थोरल्या बहिणीचं तेच. आजींनी न बोलता दुसरं फडकं माझ्या हातात दिलं.

१९३८ च्या त्या रात्री सिनेगॉग जळले, दुकानं फुटली. सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना धरून छळछावण्यांत नेलं आणि वर ज्यूंवरच १ अब्ज मार्कांचा दंड बसवला. तारीखही आभाळातून पडलेली नव्हती. हिटलरच्या १९२३ च्या फसलेल्या उठावाच्या स्मरणासाठी नाझी पुढारी म्यूनिकला जमलेलेच होते, प्रचारमंत्री गोबेल्सने तिथूनच चिथावणी दिली. आणि तो उठाव १९१८ च्या ९ नोव्हेंबरला कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार होऊन त्याच्या जागी आलेल्या प्रजासत्ताकाविरुद्धचा. जर्मनांनी राष्ट्रीय दिन म्हणून ही तारीख टाळली ती उगाच नाही.

जागा नव्हती म्हणू नका. शेजारीच एका नटाचा वाढदिवस चार कॉलम फोटोसह होता.

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्यात उभ्या ७ ला घरं चार आणि उत्तर छापलंय तीन अक्षरी. यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली