दादाच्या कट्यारीबद्दल

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. बाजारात तयार कट्यार मिळत असताना घरी घडवायचा हा उद्योग कशाला, असं म्हणायला नको होतं. दादाच्या हळदीला अजून पंचवीस दिवस आहेत. जिची कट्यार करायचीय ती आबांची कानस आजच कुरिअरने पाठवतोय, दहा इंची, चपटी. सोबत गॉगल आहे, दोन्ही बाजूंनी बंद असलेला. तुझा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, ठिणगी कडेने आत शिरते. एवढं एकदाच सांगतो.

आधी कानस नरम कर. आहे तशी ती काचेसारखी कडक आहे, ड्रिल नुसतं घसरेल. मामाच्या अंगणात लोणारी कोळशाची शेगडी पेटव, तुझ्या गॅलरीत नको. कानस सगळीकडे सारखी लाल होऊन तिला चुंबक चिकटेनासा झाला की कोरड्या राखेच्या बादलीत खोल पुरायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. घाई केलीस तर एखादा भाग कडक राहतो आणि ड्रिल नेमकं तिथेच मोडतं.

मग आकार. पातं सहा इंच, मुठीत जाणारा भाग साडेतीन. पातं नऊ इंचांच्या वर जाऊ देऊ नकोस, हत्यारांच्या कायद्यात ती मर्यादा आहे. कानशीचे दाते पार घासून काढ, दोन्ही अंगांनी. दात्याची एक खाच राहिली तरी पाणी देताना, म्हणजे पातं लाल तापवून तेलात बुडवून कडक करताना, तडा तिथूनच जातो. कड एक मिलिमीटर जाड ठेव, पातळ कड वाकते. मुठीची चार मिलिमीटरची दोन भोकं आत्ताच पाड, नंतर पडणार नाहीत. कापायच्या डिस्कने आडवं घासायचं नाही, ती फुटते. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. ओढणी नको, सुती हातमोजे नकोत, केस बांधलेले. आणि गॉगल. बघ, परत आलोच तिथे. आबांच्या डाव्या डोळ्याचं तुला माहीत आहे, म्हणून.

खरं सांगू? लिंबू खोचण्यापुरत्या पात्याला पाणी द्यायची गरजच नाही. पण आबांची कानस मऊ ठेवायची हे तुला पटणार नाही, आणि मलाही फारसं पटत नाही. तेव्हा नीट ऐक. तेल शेंगदाण्याचं, दीड लिटर, उभ्या पत्र्याच्या डब्यात, बोट जेमतेम बुडवता येईल इतकं कोमट. पाण्यात बुडवलंस तर पातं तडकेल. जुनं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. पातं परत लाल कर, चुंबक सुटला की थोडं पुढे, आणि टोक खाली धरून सरळ बुडव. आडवं हलवलं की वाकतं. तेल भडकलं तर डब्यावर झाकण टाक, पाणी अजिबात ओतायचं नाही. बाहेर काढल्यावर दुसरी चांगली कानस त्यावर नुसती घसरली तर पाणी बसलं. या वेळी ते फरशीवर पडलं तरी दोन तुकडे होतील, म्हणून लगेच तेल धुऊन, जरा चकचकीत करून ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार झालं की पुन्हा दोन तास. गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग आला पाहिजे. त्यानंतर ग्राइंडरवर निळं पडू दिलंस तर तिथलं पाणी उतरलं समज.

मुठीला आईच्या मोडक्या पोळपाटाचं शिसव ठेवलंय, दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटर पुरेल. पितळी सळीचे रिव्हेट दीड मिलिमीटर बाहेर ठेवून हलक्या हाताने ठोक, जोर लावलास तर शिसव उभं चिरतं. आत अरालडाइट, एक दिवस सुकू दे.

धार लावू नकोस. मांडवात पोरं असतात, आणि दादा काही कुणावर चालून जाणार नाहीये. मात्र लिंबाकडे लक्ष दे. खोचलेलं लिंबू रात्रभर राहिलं की रस पात्यावर उतरतो आणि काळे डाग पडतात, ते घासूनही पूर्ण जात नाहीत. टोकाला मेण चोळ, लिंबू दोनदा बदल, उतरवलं की पातं पुसून खोबरेल लाव. म्यानात ओलं ठेवायचं नाही. येताना विमानाने आलीस तर कट्यार मोठ्या बॅगेत, हातातल्या नको.

उपदेश फार झाला, राग मानू नकोस. शेजारच्या काकांना मात्र सांगून बसलोय की दादाची कट्यार सायली घरीच करतेय.

पाणी द्यायच्या दिवशी व्हिडिओ कॉल कर, कितीही उशीर झाला तरी. मला पात्याचा रंग बघायचाय, आणि तू डोळ्यांवर काय घातलंयस तेही. आईला यातलं काही सांगू नकोस, तिला वाटतंय मी तुला पापड पाठवतोय.

तुझे बाबा