कोपऱ्यात चिडीचूप बसलेली मुले

महोदय,
टेक्सासमध्ये पहिलीत शिकणाऱ्या माझ्या नातीला, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचे म्हणून, वर्गात दिवे मालवून, दाराला कडी लावून कोपऱ्यात चिडीचूप बसण्याचा सराव करावा लागतो. त्याच राज्यात युवाल्डी गावच्या शाळेत २०२२ मध्ये गोळीबारात १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याने १८ वर्षे पूर्ण होताच रायफल कायदेशीरपणे विकत घेतली होती. दुकानातून पिस्तूल घ्यायला मात्र २१ वर्षांची अट आहे!

गावाकडच्या अमेरिकी माणसाला बंदूक म्हणजे आजोबांची ठेव, हरणांच्या शिकारीचा हंगाम आणि १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क वाटतो, हे मला समजते. त्याची शिकारीची बंदूक कुणी काढून घेऊ नये. पण रायफलीलाही २१ ची अट लावायला तरी त्याने राजी व्हावे.

– एक आजोबा, पुणे